गोव्यात वेब डिझाइनचा स्वतंत्र व्यवसाय सुरू करताना

गोव्यात संकेतस्थळे बनविण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा असेल, तर त्याचा मुहूर्त मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये धरावा, असे या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामापुरत्या उभारलेल्या खानावळी, उतरविले जातात, गेस्ट हाऊसच्या खोल्या रिकाम्या होतात आणि आठ महिने क्षणाचीही उसंत नसलेले मालक पहिल्यांदाच दोन तास शांतपणे बसून बोलायला मोकळे होतात. हंगामाचे पैसे हाताशी असतात, गेल्या डिसेंबरात काय अडले ते ताजे आठवत असते आणि पुढचा हंगाम सुरू व्हायला चार महिने बाकी असतात. त्याच मालकाला नाताळच्या तोंडावर भेटायला गेलात, तर तुमचे काम कितीही चांगले असले तरी तो तुम्हाला दारातूनच परत पाठवील, आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

जूनमध्ये बोलणी, जुलै-ऑगस्टमध्ये काम आणि सप्टेंबरच्या अखेरीस साइट सुरू, असा क्रम ठेवला म्हणजे ऑक्टोबरात लोक खोल्या शोधू लागतात तेव्हा गुगलला ती साइट ठाऊक झालेली असते. या वेळापत्रकात गणेश चतुर्थीचे दिवस मात्र कोरेच ठेवावेत. त्या आठवड्यात ग्राहक गावच्या घरी असतो, छपाईवाला नसतो, छायाचित्रकार नसतो, आणि आपणही नसतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशीची तारीख कबूल करून मी दोनदा शब्द मोडला आहे. तेव्हापासून कोटेशनमध्येच ‘चतुर्थीनंतर’ असे स्पष्ट लिहितो. समुद्राची आणि अंगणातल्या उन्हाची छायाचित्रे पावसात मिळत नाहीत, म्हणून ती मालकाने फेब्रुवारी-मार्चमध्येच काढून ठेवावीत, हेही ओळखीच्या लोकांना आधी सांगून ठेवलेले बरे.

ग्राहक कोण आणि कुठे

गोवा म्हटले की हॉटेल, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की नवा माणूस कळंगुट ते मोरजी या पट्ट्यातच फिरत राहतो. तिथे काम आहे, पण स्पर्धाही तिथेच आहे. याउलट डिचोली, साखळी, वाळपई, फोंडा, कुडचडे या भागांत दवाखाने, शिकवणी वर्ग, फर्निचरचे कारखाने, काजू प्रक्रिया करणारे, कंत्राटदार आणि देवस्थाने असे असंख्य लोक आहेत, ज्यांच्याकडे साइट नाही किंवा दहा वर्षांपूर्वीची बंद पडलेली आहे. फेणीला, म्हणजे गोव्याच्या काजूच्या दारूला, २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक (ठराविक भागाच्याच मालाला ते नाव वापरू देणारी नोंद) मिळाला, आणि लहान भट्टीवाल्यांपैकी ज्यांना आपला माल नावानिशी ओळखला जावा असे वाटते, त्यांना आपली भट्टी, आपले काजू आणि आपली पद्धत सांगणारे एक नीट पान हवे असते. अशा ग्राहकाशी मराठीत किंवा कोंकणीत बसून बोलू शकणे ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. बेंगळुरूतील एखादी कंपनी ते करू शकत नाही.

पहिल्या वर्षी दोनच प्रकारचे ग्राहक ठरवावेत. समजा, लहान गेस्ट हाऊस आणि दवाखाने. पाचव्या गेस्ट हाऊसच्या वेळी काय विचारायचे, कुठे अडते, मालक कोणती माहिती उशिरा देतो, हे सगळे तुम्हाला पाठ झालेले असते आणि कामाचे तास निम्मे होतात. ग्राहक मिळविण्यासाठी जाहिरातीवर पैसे घालण्याआधी तीन ठिकाणी ओळख करून घ्यावी: म्हापसा, मडगाव, फोंडा येथील छपाई व डीटीपीची दुकाने, लग्नांची आणि खोल्यांची छायाचित्रे काढणारे छायाचित्रकार, आणि सीए. नवा धंदा सुरू करणारा माणूस व्हिजिटिंग कार्ड छापायला आणि हिशेब विचारायला जातोच, आणि तिथेच तो ‘साइट कोण करतो हो?’ असेही विचारतो. माझी पहिली सात कामे एका छपाईच्या दुकानातून आली.

दाखवायला काम नसेल तर एखाद्या ओळखीच्या व्यावसायिकाचे काम कमी पैशांत करावे, फुकट मात्र करू नये. बिलात पूर्ण रक्कम लिहून तिच्याखाली सवलत दाखवावी. असे केले नाही तर ती सवलतीची रक्कमच तुमचा दर म्हणून गावभर होते आणि पुढच्या वर्षी ती वाढविताना प्रत्येकाशी वाद घालावा लागतो.

हात किती बसलेला असावा

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या पाने रचण्याच्या भाषांचा पाया पक्का असावा आणि त्यावर एखादी कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम (कोड न लिहिता साइटचा मजकूर बदलू देणारी प्रणाली), बहुधा वर्डप्रेस, आतून-बाहेरून माहीत असावी. वर्डप्रेस २००३ पासून आहे, मोफत आहे आणि ते जाणणारा दुसरा माणूस ग्राहकाला सहज मिळतो. ही शेवटची गोष्ट ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या दवाखान्याला फक्त चार पाने हवी आहेत, त्याला साधी स्थिर पाने करून द्यावीत. प्लगइनांचा, म्हणजे वरून जोडायच्या लहान प्रोग्रामांचा, ढीग घालून त्याच्या गळ्यात देखभालीचा खर्च बांधू नये.

वेगाकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. गुगलने घातलेल्या मर्यादा सरळ आहेत: पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा आणि वाचताना मजकूर इकडेतिकडे उडू नये. गोव्यातील बहुतेक संथ साइटचे कारण एकच असते: कॅमेऱ्यातून आलेली पाच-सहा एमबीची छायाचित्रे जशीच्या तशी चढविलेली असतात. तेच छायाचित्र १६०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या फाइलच्या स्वरूपात ठेवले तर दोनशे-अडीचशे केबीत बसते आणि मोबाइलवर डोळ्यांना फरक कळत नाही. घरच्या वायफायवर तपासून समाधान मानू नये. पणजीहून सुटलेल्या बसमध्ये बसून, साध्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर साइट उघडून पाहावी. पर्यटकही ती तशीच उघडणार आहे.

देवनागरी नीट दिसली पाहिजे

हा विषय मला मनापासून जवळचा वाटतो आणि यात नवख्या माणसाला आपले नाव करता येते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात वापरण्याची मुभा त्याच कायद्याने दिली. रोमी लिपीतील कोंकणी वाचणारा वर्गही मोठा आहे. त्यामुळे शाळा, देवस्थान, सहकारी संस्था यांच्या साइटला दोन-तीन भाषा लागतात, आणि पुष्कळ डिझायनर इंग्रजी पान सुंदर करून मराठी पान कसेबसे उरकतात.

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या समितीने जत्रोत्सवाचा कार्यक्रम मला पेन ड्राइव्हवर दिला. वर्षानुवर्षे पत्रिका छापणाऱ्या दुकानातील ती फाइल होती. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. माझ्या संगणकावर उघडली तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अगम्य रांग दिसली. रूपांतर करणाऱ्या साधनातून ती काढली तेव्हा मराठी दिसू लागली, पण ‘सायंकाळी’ या शब्दातील अनुस्वार एका अक्षराने पुढे सरकला होता, काही ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता आणि पहिली वेलांटी दोन शब्दांत उलट्या जागी होती. समितीचे चिटणीस छापील पत्रिका हातात घेऊन ओळ न् ओळ मोठ्याने वाचत गेले आणि मी पडद्यावर दुरुस्त करीत गेलो. दीड तास लागला. रूपांतर केलेला मजकूर माणसाच्या आवाजात वाचल्याशिवाय कधीही प्रसिद्ध करू नये, हा नियम मी त्या दिवशी केला आणि अशा वाचनाचा वेळ तेव्हापासून कोटेशनमध्ये धरतो.

फॉन्ट निवडताना नोटो सान्स देवनागरी, ‘मुक्त’ किंवा तिरो देवनागरी मराठी यांसारखे मोफत फॉन्ट घ्यावेत आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘लक्ष्मी’, ‘श्री’, ‘म्हार्दोळ’ हे शब्द लिहून पाहावेत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचे सांगितले, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिलेले असतात, त्यात ते आपोआप येतात. हे सांगितले नाही तर हिंदी वळण दिसते आणि आपल्या वाचकाला कारण न कळताही काहीतरी परके वाटत राहते. दोन ओळींतील अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडे जास्त ठेवावे, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. अक्षरांमधील अंतर वाढविणारी इंग्रजीतील सजावट देवनागरीवर लावू नये; शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दूरध्वनी क्रमांक दिसायला देवनागरी अंकांत चालतो, पण बोट लावल्यावर फोन लागावा यासाठी दुव्यातील क्रमांक इंग्रजी अंकांतच लिहावा लागतो.

‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन, म्हणजे साइटचे इंटरनेटवरचे नाव, २०१४ पासून मिळते. देवस्थानाला किंवा मराठी शाळेला ते जोडनाव म्हणून शोभते, मात्र मुख्य नाव साध्या इंग्रजी अक्षरांतलेच ठेवावे, कारण त्या पत्त्यावरचा ईमेल अनेक फॉर्म अजून स्वीकारीत नाहीत.

डोमेन कोणाच्या नावावर?

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मांद्रे येथील एका गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंचा मला फोन आला. पाच खोल्या, मागे नारळाची बाग, दरवर्षी येणारी तीच ती कुटुंबे. ‘साइट उघडत नाही आणि मेलही येत नाहीत,’ एवढेच त्यांना माहीत होते. पाहिले तर डोमेनची मुदत ऑक्टोबरात संपली होती. नूतनीकरणाच्या सूचना ज्या ईमेलवर जात होत्या, तो साइट करणाऱ्या जुन्या डिझायनरचा वैयक्तिक ईमेल होता. डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच खात्यात होते आणि तो माणूस परदेशी निघून गेला होता. डॉट कॉम नाव मुदत संपल्यावर लगेच सुटत नाही. कंपनीप्रमाणे काही दिवसांची सवलत असते, मग ३० दिवसांचा असा काळ येतो की ज्यात जास्तीचे शुल्क भरून ते सोडविता येते, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येते. पण सोडविण्याचा अधिकार ज्याच्या खात्यात नाव आहे त्यालाच असतो. बाईंनी त्याला निरोप पाठविले, त्याच्या घरी जाऊन आल्या, उत्तर आले नाही. जानेवारीत ते नाव दुसऱ्याने घेतले. रस्त्यावरच्या पाटीवर, कार्डांवर आणि पाहुण्यांच्या वहीत छापलेले नाव आता त्यांचे राहिले नव्हते.

त्या डिझायनरने वाईट हेतूने केले असे मला वाटत नाही. ग्राहकाला कार्ड वापरता येत नाही, ओटीपी कळत नाही, म्हणून आपल्याच खात्यातून घेऊन टाकले, एवढेच झाले असणार. नव्या व्यावसायिकाच्या हातून हीच सोय पहिल्यांदा होते, म्हणून ती सुरुवातीलाच बंद करावी.

डोमेन घेताना ग्राहकाच्या शेजारी बसावे. त्याच्या ईमेलने खाते उघडावे, त्याच्या मोबाइलवर ओटीपी यावा, त्याच्या कार्डाने किंवा यूपीआयने पैसे जावेत आणि पावती त्याच्या नावाने निघावी. ग्राहकाकडे ईमेल नसेल तर तो उघडून द्यावा, पासवर्ड त्याच्यासमोर कागदावर लिहावा आणि खाते परत मिळविण्याचा क्रमांक म्हणून घरातील तरुण मुलाचा किंवा मुलीचा मोबाइल द्यावा. होस्टिंगचेही, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवली जाते त्या भाड्याच्या जागेचेही, तेच. गुगल मॅप्सवरील व्यवसायाच्या नोंदीत मालक तो असावा आणि आपण फक्त व्यवस्थापक. यात एखादा तास जास्त जातो आणि ‘सगळे तूच बघ रे, आम्हाला यातले काय कळते’ असे ग्राहक दहादा म्हणतो. तरीही बसावे. ग्राहक आपल्यावर विसंबून राहिला तर व्यवसाय टिकतो, असा एक सल्ला या क्षेत्रात दिला जातो. माझा अनुभव अगदी उलट आहे. ज्यांच्या हातात मी सगळ्या किल्ल्या दिल्या, तेच दरवर्षी देखभालीसाठी परत येतात आणि नातेवाइकांनाही पाठवितात.

दर आणि करार

दर ठरविताना शेजारचा किती घेतो हे पाहू नये. आपला हिशेब मांडावा. उदाहरणादाखल, घरखर्च, इंटरनेट, वीज, पुढच्या लॅपटॉपसाठीची बचत, विमा, कर असे धरून वर्षाला सहा लाख रुपये लागतात असे समजा. चतुर्थी, आजारपण, लग्नकार्ये वगळून कामाचे ४६ आठवडे उरतात. आठवड्यात चाळीस तास बसलात तरी ग्राहकाकडून ज्याचे पैसे घेता येतील असे काम वीसच तासांचे होते. बाकीचे प्रवास, फोन, कोटेशन आणि वसुली यांत जातात. म्हणजे वर्षाला ९२० तास आणि तासाला साधारण ६५० रुपये. पाच पानांच्या गेस्ट हाऊसच्या साइटला मजकूर गोळा करण्यापासून शिकविण्यापर्यंत ४५ तास लागत असतील, तर तीस हजारांच्या खाली ती करणे परवडत नाही. ग्राहकाला तासांचा दर सांगू नये, कामाची एकच रक्कम सांगावी. पण आपल्या वहीत तास लिहीत जावेत, नाहीतर तोटा कुठे झाला ते कधीच कळत नाही.

पैसे तीन हप्त्यांत घ्यावेत: ४० टक्के आगाऊ, ४० टक्के डिझाइन पसंत झाल्यावर आणि उरलेले २० टक्के साइट लोकांसाठी खुली करण्याआधी. ‘पयलीं काम कर, पयशांचें मागीर पळोवया’ (आधी काम कर, पैशांचे नंतर पाहू) असे आपुलकीने सांगणारी माणसे भेटतात आणि त्यांच्यापैकी बहुतेक प्रामाणिकही असतात. मात्र आगाऊ रक्कम दिलेला ग्राहक मजकूर आणि छायाचित्रे वेळेवर देतो, हा तिचा खरा उपयोग आहे.

करार दोन पानांचा पुरतो, आणि तो ग्राहकाला वाचता येईल त्या भाषेत असावा. किती पाने, कोणत्या भाषा, डिझाइनमध्ये किती वेळा बदल (मी दोनदा देतो), मजकूर कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, तो न आल्यास काय, हे त्यात लिहावे. शेवटच्या बाबीवर सर्वांत जास्त भांडणे होतात, म्हणून मजकूर तीस दिवसांत न आल्यास काम थांबवून तोवरचे बिल दिले जाईल, असे वाक्य घालावे. देवस्थान किंवा संस्थेचे काम असेल, तर समितीने ठराव करून नेमलेली एकच व्यक्ती मंजुरी देईल, असे लिहून घ्यावे; पाच सदस्यांनी पाच रंग सुचविले की कामाला अंत राहत नाही.

हक्कांचा मुद्दा पुष्कळांना माहीत नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा आणि केलेल्या डिझाइनचा हक्क, लेखी सोपविल्याशिवाय, करणाऱ्याकडेच राहतो. सोपविताना मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरता समजला जातो. म्हणून ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर सर्व हक्क कायमचे व जगभरासाठी ग्राहकाकडे’ असे नेमके वाक्य असावे. छायाचित्रे ग्राहकाने काढविलेली किंवा परवाना घेतलेलीच वापरावीत. गुगलवरून उचललेला समुद्रकिनारा कोणाचा तरी असतो.

नोंदणी, कर आणि गोव्यातील एक वेगळी गोष्ट

सुरुवातीला कंपनी काढण्याची गरज नाही. मालकी तत्त्वावर, आपल्याच पॅनवर काम चालते. बँकेत वेगळे खाते मात्र पहिल्या दिवशी उघडावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन व मोफत होते. ही पद्धत १ जुलै २०२० पासून आहे आणि तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांच्या साइटवर जाऊ नये. या नोंदणीचा प्रत्यक्ष फायदा वसुलीत होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदार व्यवसायाने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मोठ्या हॉटेलच्या हिशेब विभागाला बिलावरील उद्यम क्रमांक दिसला की फाइल पुढे सरकते.

सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. नोंदणी झाल्यावर या कामावर १८ टक्के दर लागतो. परदेशी ग्राहकाला दिलेली आणि परकीय चलनात पैसे आलेली सेवा निर्यात ठरते. नोंदणीकृत व्यावसायिकाने हमीपत्र भरले की तिच्यावर कर न आकारता बिल देता येते. परदेशातून पैसे आले की बँकेकडून त्याचे प्रमाणपत्र मागून फाइलला लावावे. कंपन्या बिलातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो आयकर खात्याच्या पोर्टलवर आपल्या नावे जमा झाला का, हे दर तिमाहीला पाहावे. कायद्याने ठरविलेल्या काही पेशांतील लहान व्यावसायिकांसाठी मिळकतीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोयही आहे; आपले काम त्यात बसते का, हे सीएला विचारावे.

गोवेकरांसाठी मात्र एक वेगळी तरतूद आहे, जी बाहेरच्या मार्गदर्शकांत सापडणार नाही. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो आणि विवाहापूर्वी करार करून दुसरी व्यवस्था निवडलेली नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. आयकर कायदाही हे मानतो: या संहितेखाली येणाऱ्या जोडप्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत समान वाटून दाखवावे लागते. म्हणजे तुमच्या वेब डिझाइनच्या उत्पन्नाचा अर्धा भाग पत्नीच्या किंवा पतीच्या विवरणपत्रात जातो, जरी त्या व्यक्तीने या व्यवसायात एक ओळही लिहिली नसली तरी. जोडीदाराचा पगार मात्र त्याचा त्याच्याकडेच राहतो. पहिल्या वर्षीचे विवरणपत्र गोव्यातील, हे प्रकरण रोज हाताळणाऱ्या सीएकडूनच भरून घ्यावे.

पर्यटन व्यवसायातील ग्राहकाचे काम घेताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली हॉटेल व गेस्ट हाऊस यांची पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. तो क्रमांक साइटच्या तळाशी द्यावा आणि नसेल तर आधी नोंदणी करायला सांगावे. दुसरे असे की, परदेशी पाहुणा आल्यावर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागत असल्याने मालक ‘बुकिंगच्या फॉर्ममध्येच पासपोर्टचा फोटो मागून घे’ असे सांगतात. ते करू नये. साध्या फॉर्ममधून आलेली ओळखपत्रे ईमेलमध्ये वर्षानुवर्षे उघडी पडून राहतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती जबाबदारी मालकावर येते. नाव, फोन, तारखा आणि माणसे किती, एवढेच विचारावे. पासपोर्ट पाहुणा आल्यावर समोर पाहावा.

काम सोपविणे आणि देखभाल

पहिल्या पावसाच्या विजांत राउटर जळतात आणि जूनमध्ये वीज तासन् तास जाते. इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट आणि कामाची घराबाहेर ठेवलेली एक प्रत, हा खर्च लॅपटॉपइतकाच आवश्यक मानावा.

देखभालीचा वार्षिक करार साइट देतानाच करावा. त्याखाली दरमहा बॅकअप घ्यावा आणि तो खरोखर उघडतो का ते पाहावे, वर्डप्रेस व प्लगइन अद्ययावत करावेत, संपर्काचा फॉर्म स्वतः भरून मालकाला मेल पोहोचला का हे फोन करून विचारावे, आणि डोमेन-होस्टिंगच्या मुदतीच्या तारखा आपल्या कॅलेंडरमध्ये साठ दिवस आधी लावाव्यात. ऑगस्टमध्ये नव्या हंगामाचे दर मागून घ्यावेत. गेल्या वर्षीचे दर साइटवर राहिले की भांडण पाहुण्याशी होते आणि ते मालकाला सोसावे लागते.

काम सोपविताना मी एक छापील कागद देतो. त्यावर डोमेन कुठे घेतले, कोणत्या ईमेलने, मुदत कधी संपते, होस्टिंग कुठे, वर्डप्रेसचे लॉगिन काय, बॅकअप कुठे ठेवले आहेत आणि मी उपलब्ध नसेन तर दुसऱ्या डिझायनरला काय सांगावे, हे मराठीत लिहिलेले असते. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात. ग्राहक उद्या दुसऱ्याकडे गेला तरी हा कागद त्याच्याकडे असतो, आणि कोणी तसे गेल्यास मी त्याच दिवशी माझा प्रवेश काढून घेतो व नव्या माणसाशी फोनवर बोलतो.

मांद्रेच्या बाईंची नवी साइट पुढच्या पावसाळ्यात मीच केली, नव्या नावाने. डोमेन घेताना त्यांची नात शेजारी बसली होती आणि ओटीपी तिने वाचून दाखविला. तो कागद आणि पाकीट बाईंनी कपाटात घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये ठेवले आहे. दरवर्षी सप्टेंबरात त्या ते काढतात, तारीख पाहतात आणि पैसे भरायची वेळ झाली का, असे विचारायला मला फोन करतात.